ट्यूबमध्ये एकच काडतूस बसलं पाहिजे

प्रश्न वाशीच्या एका ट्रॅप (हवेत फेकलेल्या क्ले, म्हणजे मातीच्या तबकड्या उडवायचा खेळ) नेमबाजाचा आहे. थोडक्यात असा: "दोन वर्षं क्लबच्या डबल बॅरलवर सराव केला. आता स्वतःची सेमी-ऑटो (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) बारा बोअर घ्यायची म्हणतोय. धाकटा भाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. त्याच्याकडे सेमी-ऑटो आहे, नळीखालच्या ट्यूबमध्ये, म्हणजे मॅगझिनमध्ये, चार आणि चेंबरमध्ये (बार उडतो त्या जागी) एक. दिवाळीला येताना तो मॅगझिन एक्स्टेन्शन आणतो म्हणतोय, म्हणजे सात-आठ काडतुसं बसतील. किती क्षमतेची बंदूक घेऊ आणि एक्स्टेन्शन ठाण्यात कुणाकडून बसवून घेऊ?"

बाकी सगळं नंतर. आधी भावाला फोन लावा आणि ते एक्स्टेन्शन बॅगेत टाकू नकोस म्हणून सांगा. दिसायला तो वीत-दीड वीत पाइपचा तुकडा असतो, आत एक लांब स्प्रिंग. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत 'शस्त्र' म्हटलं की शस्त्राचे भागही त्यात येतात, आणि शस्त्र देशात आणायला कलम १० खाली परवाना लागतो. सहार विमानतळाच्या एक्स-रे मशिनवर बसलेल्या माणसाला चकलीचा सोऱ्या आणि मॅगझिनची ट्यूब यांतला फरक बरोबर कळतो. भावाची दिवाळी कस्टमच्या बाकड्यावर जायला नको.

आता बाकीचं. मी सव्वीस वर्षं आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करण्याचं, काम केलं. सध्या आठवड्यातले तीन दिवस ठाण्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये बसतो. एवढ्या वर्षांत "ट्यूब मोठी करून द्या" म्हणणारे पुष्कळ आले. "ट्यूब नीट अडवून द्या" म्हणणारे दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि ट्रॅप खेळणाऱ्याला खरी गरज असते ती या दुसऱ्या कामाची.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात बारा बोअरपर्यंतची सेमी-ऑटो चालते, पंप अ‍ॅक्शन (दर बाराला पुढची मूठ हाताने मागे-पुढे करावी लागते ती) चालत नाही. (तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची पंप अ‍ॅक्शन आपल्याकडे परवानाधारकांत बरीच दिसते. दणकट बंदूक आहे, पण ट्रॅपच्या स्टेशनवर तिला जागा नाही.) आणि मॅगझिन असलेल्या प्रत्येक बंदुकीला एक अट आहे: मॅगझिन अशी अडवलेली हवी की तिच्यात एका वेळी एकापेक्षा जास्त काडतूस जाताच कामा नये. हिशोब सरळ आहे. एका क्लेला दोन बार मिळतात. एक काडतूस चेंबरमध्ये, एक ट्यूबमध्ये, संपलं. भावाच्या बंदुकीत चार बसोत की तुमच्या स्वप्नात आठ, इक्विपमेंट चेकच्या टेबलावर तुम्हाला एकच बसतंय हे दाखवावं लागणार. तेव्हा ३+१ घेऊ की ४+१ घेऊ, या प्रश्नावर रात्री जागवू नका.

त्याआधी एक मोठा धोंडा वाटेत आहे, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात, १(ब) मध्ये, घातल्या आहेत. २० इंचांहून आखूड नळीच्या स्मूथ बोअर (आतून गुळगुळीत नळीच्या) बंदुकाही त्याच ओळीत. साधी डबल बॅरल किंवा ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) तिसऱ्या वर्गात येते आणि तिचा अर्ज तुम्ही नवी मुंबईचे म्हणून सीबीडी बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयात जातो. पहिल्या वर्गाचं तसं नाही, त्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असते. दुकानदार म्हणेल "होऊन जाईल साहेब, सगळ्यांचं होतं." बयाणा देऊ नका. क्रीडा संघटनेमार्फत आपण कोणत्या सवलतीत बसतो हे लेखी विचारा, उत्तर हातात आल्यावर बंदूक बघा. आधी बंदूक ठरवून मग परवान्याच्या मागे धावणारे मी पाहिलेत. त्यांचा एक मोसम कागदांत जातो आणि हात बसलेला असतो तोही सुटतो.

आता ट्यूब वाढवून घेण्याबद्दल. शस्त्र बनवणं, त्यात फेरफार करणं, दुरुस्त करणं, या सगळ्याला कलम ५ खाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ मध्ये आणखी भर पडली: नियमांतल्या एका वर्गातली बंदूक दुसऱ्या वर्गात नेईल असा बदल करणं, हाही परवान्याशिवाय गुन्हा. त्यामुळे ठाण्यात एक्स्टेन्शन कुणाकडून बसवून घ्यावं, याचं माझं उत्तर: कुणाकडूनही नाही, माझ्याकडूनही नाही. शिवाय वजनाचं बघा. नळीखाली पुढच्या टोकाला लोखंडी पाइप आणि त्यात तीन-चार भरलेली काडतुसं आली की बंदुकीचं नाक जड होतं, आणि प्रत्येक बाराला तो तोल बदलत जातो. ट्रॅपमध्ये क्ले उजवीकडे जाणार की डावीकडे हे तुम्हाला आधी माहीत नसतं. नाक जड असलं की हात उशिरा निघतो. सलग दहा-बारा बार झाडायचे असतात त्या खेळांत हा तोल कामाचा असेल, ट्रॅपमध्ये निव्वळ ओझं.

अडवण्याचं काम मात्र मनापासून सांगतो, कारण ते वाटतं तितकं सोपं नाही आणि त्यात माझं एकदा नाक कापलं गेलंय.

आधी काडतुसाची लांबी समजून घ्या. डब्यावर ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं. ती बार उडून तोंड उलगडल्यावरच्या नळकांड्याची लांबी. भरलेल्या काडतुसाचं तोंड पाकळ्यांसारखं आत दुमडलेलं असतं, म्हणून २४ ग्रॅम छऱ्यांचं नवं काडतूस माझ्या व्हर्नियरवर ५८ मिलिमीटरच्या आसपास भरतं. चार काडतुसं म्हणजे साधारण २३२. तेच ७६ मिलिमीटरचं, म्हणजे तीन इंची मॅग्नम काडतूस, भरलेलं ६५ च्या घरात जातं. त्याची चार घातली तर २६० होतात, म्हणून कॅटलॉगमध्ये ४+१ लिहिलेली बंदूक मॅग्नमला ३+१ होते. कंपनी खोटं लिहीत नाही, पण कोणत्या काडतुसाचा आकडा आहे ते बारीक अक्षरात असतं.

ट्यूबच्या आत तीन गोष्टी असतात. मागे काडतुसाला टेकणारी टोपी, तिला फॉलोअर म्हणतात. तिच्यापुढे लांब स्प्रिंग. आणि पुढच्या टोकाला बंद करणारी कॅप. अडवणारी दांडी, म्हणजे प्लग, स्प्रिंगच्या पोटातून जाते. काडतूस आत ढकललं की फॉलोअर पुढे सरकत जाऊन प्लगला टेकतो आणि थांबतो. फॉलोअरला सरकायला किती जागा ठेवायची, सगळी कला एवढ्यातच. ५८ पेक्षा कमी ठेवली तर पहिलंच काडतूस लॅचमध्ये (काडतूस आत धरून ठेवणाऱ्या खिटीत) अडकणार नाही, बोट काढलं की परत बाहेर येईल. दोघांपुरती ठेवली तर दुसरं घुसेल. इथे लोक ७० चं दुप्पट धरून गाफील राहतात. बाजारात ६५ मिलिमीटरची काडतुसंही असतात, ती भरलेली आणखी आखूड. तपासणीला बसलेल्या माणसाने तसलं एक काढलं आणि दोन घालून दाखवली, तर तुमचा दिवस तिथेच संपला. मी ७५ मिलिमीटर धरतो. एकाला ऐसपैस, दोघांना कोणत्याच हिशोबाने नाही.

बहुतेक नव्या बंदुकांबरोबर कंपनीचा प्लग खोक्यात येतो. तो साधारण ट्यूबमध्ये दोन काडतुसं बसतील असा असतो, कारण तो अमेरिकेतल्या शिकारीच्या नियमाला धरून बनवलेला असतो. त्याबद्दल पुढे सांगतो. आयएसएसएफला दोनही चालत नाहीत, म्हणून खोक्यातला प्लग घातला की काम झालं, असं समजू नका. मोजा.

माझं नाक कापलं ते असं. डोंबिवलीच्या एका मुलाच्या बंदुकीबरोबर प्लग आलाच नव्हता. मी सुताराकडून सागाची दांडी तासून घेतली, सॅंडपेपर मारला, मापात बसवली. एप्रिलमध्ये अगदी झकास चालली. ऐन जुलैत तो मुलगा सरावाला गेला. बाहेर आठवडाभर पाऊस, बंदूक कापडी पिशवीत. पहिला बार उडाला, क्ले चुकलं, दुसऱ्या बाराला चाप ओढला तर नुसता 'टक्'. काडतूस ट्यूबमध्येच बसून राहिलं होतं. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि स्प्रिंगची वेटोळी त्यावर आवळून बसली होती. स्प्रिंग सरकेना, मग फॉलोअर कशाला ढकलेल? त्या मुलाने बंदूक माझ्या टेबलावर ठेवली आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून लाकूड बंद. नायलॉनही थोडं पाणी धरतंच, म्हणून मी डेलरिनची सळई घेतो. वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडे वीतभर तुकडा कातून मिळतो. त्याच्याकडे फक्त मापाचा कागद जातो, बंदूक जात नाही आणि कशाचा भाग आहे ही चर्चाही होत नाही. ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नाही त्याच्या दारात बंदूक न्यायची नाही, 'पाचच मिनिटं दाखवतो' म्हणूनही नाही. जाडी स्प्रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटर कमी. फॉलोअरकडचं टोक गोल मारलेलं. कॅपकडच्या टोकाला थोडी रुंद टाच, म्हणजे प्लग आत सरकत नाही आणि खुळखुळतही नाही. खुळखुळणारी बंदूक खांद्याला लावून "पुल" (क्ले सोडा) म्हणून बघा, लक्ष आवाजाकडेच जातं.

बसवताना चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा, मग पुन्हा ट्यूब बघा. कॅप उघडताना तळहात तिच्यावर दाबून धरा आणि चेहरा बाजूला ठेवा. आतली स्प्रिंग ट्यूबपेक्षा बरीच लांब असते, दाबून बसवलेली. आमच्या वर्कशॉपच्या पंख्याच्या एका पात्याला अजून पोचा आहे, तो एका नवशिक्याने सोडलेल्या स्प्रिंगचा. तपासणी डमी काडतुसांवरच करायची, जिवंत काडतूस टेबलावर आणायचंच नाही. पहिलं डमी घाला, लॅचचा क्लिक ऐकू आला पाहिजे. दुसरं अंगठ्याने जोर लावून ढकला, गेलं नाही पाहिजे. मग बोल्ट ओढून पहिलं डमी लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) येतं आणि चेंबरमध्ये जातं का बघा. असं वीस वेळा. एकदा जरी अडखळलं तर पुन्हा उघडा.

बंदूक निवडताना क्षमतेऐवजी मी हे पाहीन. कॅप हाताने उघडते की पान्हा लागतो. मॅगझिन कट-ऑफ आहे का, म्हणजे ट्यूबमधलं काडतूस तिथेच अडवून चेंबरमधलं तेवढं काढता येतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती २४ ग्रॅमवर चालते का. स्पर्धेत काडतुसातल्या छऱ्यांची भरणी २४.५ ग्रॅमच्या वर चालत नाही. बाराच्या गॅसवर चालणारी असो की इनर्शियावर, म्हणजे बंदुकीच्या धक्क्यावर, बदकांच्या जड भरणीसाठी घडवलेल्या बऱ्याच सेमी-ऑटोंना इतक्या हलक्या बारात बोल्ट पुरता मागे न्यायची ताकद मिळत नाही. रिकामं नळकांडं खिडकीत चिमटल्यासारखं उभं राहतं. ट्यूबमध्ये शंभर काडतुसं असती तरी तेव्हा काय उपयोग? विक्रेत्याला सांगा, २८ ग्रॅमवर नको, माझ्या २४ ग्रॅमच्या डब्यावर दोन पाळ्या, म्हणजे पन्नास बार, रेंजवर चालवून दाखव. पहिले शे-दोनशे बार जड भरणीचे काढून यंत्रणा मोकळी करावी लागेल असं तो म्हणाला तर ते खोटं नाही, पण ते बार कुणाच्या खर्चाने हेही तेव्हाच विचारून घ्या.

आपल्या हवेबद्दल थोडं. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यांचा गंज ट्यूबच्या आतून सुरू होतो. नळी सगळे पुसतात, ट्यूब कुणी उघडत नाही. स्प्रिंगवर तांबूस भुकटी दिसली की समजा फॉलोअर एक दिवस वाकडा अडकणार. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडा, कोरडं फडकं फिरवा, तेलाचा नुसता हात. तेल ओतू नका, ते धूळ धरतं आणि खळीसारखं घट्ट होतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, २०२४ मध्ये आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. जमा करण्याआधी ट्यूब उघडून, पुसून, तेलाचा हात मारून द्या, पावतीवर बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून घ्या, आणि परत मिळाली की घरी नेऊन आधी ट्यूब उघडा.

भावाचं काय, हेही तुम्ही आडून विचारलंच आहे. त्याचे नियम त्याच्या राज्याचे. न्यू जर्सीत सेमी-ऑटो शॉटगनच्या मॅगझिनची क्षमता सहाच्या वर गेली की ती 'असॉल्ट फायरआर्म' या व्याख्येत जाते. म्हणजे त्याच्या ४+१ ला सात-आठचं एक्स्टेन्शन त्याने तिथेही लावू नये, टेक्सासमधल्या मित्राकडे कितीही झोकात दिसत असलं तरी. स्थलांतरित बदकांच्या शिकारीला गेला तर १९३५ पासून तिथल्या केंद्राचा नियम आहे: ट्यूब आणि चेंबर मिळून तीनच. प्लग एकसंध हवा आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये. खोक्यातला प्लग दोनाचा असतो तो यासाठी. ब्रिटनमध्ये आणखी कडक. १९८८ च्या दुरुस्तीपासून साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर न निघणाऱ्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं चालतात, आणि तिथे बसवलेला अडसर प्रूफ हाउसकडून (बंदुका तपासून शिक्का देणाऱ्या संस्थेकडून) शिक्का मारून घ्यावा लागतो, हाताने काढता येणारी दांडी चालत नाही.

पाच हा आकडा मुळात आला कुठून, याचं मला नेहमी कुतूहल वाटायचं. जॉन ब्राउनिंगची ऑटो-५ ही पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन, पेटंट १९०० चं, बेल्जियमच्या एफएनने बनवायला घेतली. नावातला ५ म्हणजे ट्यूबमध्ये चार, चेंबरमध्ये एक. पुढच्या शंभर वर्षांत नमुने बदलले, गॅस आली, इनर्शिया आली, पण ४+१ ची सवय राहिली. एकदा दुरुस्तीला आलेली जुनी ऑटो-५ मी उघडली होती. डाव्या बाजूला छोटा कट-ऑफ, आत घर्षणाच्या कड्या, आणि त्या कड्या कोणत्या बाजूने घालायच्या हे भरणी बघून ठरवायचं. उलट्या घातल्या की बंदूक खांदा फोडते. मालकाने त्या वीस वर्षं उलट्याच घातल्या होत्या.

तुमच्या जागी मी असतो तर अजून एक मोसम ओव्हर-अंडरवरच काढला असता. मधून दुमडून उघडली की दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे दहा फुटांवरून दिसतं, दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (नळीचं तोंड आकसणारे तुकडे) लावता येतात, आणि रिकामी नळकांडी उजवीकडच्या स्टेशनवरच्या माणसाच्या कानाला लागत नाहीत. सेमी-ऑटोचा धक्का सौम्य, हे खरं. खांद्याचं दुखणं असेल तर ते कारण मी मान्य करतो. तसं असेल तर डॉक्टरांचा कागद परवान्याच्या अर्जाला जोडा, आणि नळी २८ किंवा ३० इंची बघा.

आणि भाऊ येताना काही आणायचंच म्हणत असेल तर चांगले इअरमफ आणि फुटणार नाही असा नेमबाजीचा चष्मा आणायला सांगा. इअरमफ मात्र साधे. आवाज ऐकवणारे इलेक्ट्रॉनिक स्पर्धेत चालत नाहीत, ते तो स्वतःसाठी ठेवू दे.